वाजवून घ्या!

मडकं विकत घेताना ते वाजवून घ्यावं, हा माझ्या आजीने मला दिलेला एकमेव आर्थिक सल्ला. जमीन घेऊन ठेव, सोनं कर, पोस्टात पैसे टाक, असलं ती कधी बोलली नाही. मडकं डाव्या हातावर तोलायचं, उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर पक्कं; बद्द वाजलं तर कच्चं, नाहीतर कुठेतरी चीर गेलेली. एवढ्या एका शास्त्रावर ती ऐंशी वर्षं संसार करून गेली. मी तिच्यापेक्षा पुष्कळ शिकलो. त्यामुळे आयुष्यात छत्र्या, पेनं, इस्त्र्या, विम्याच्या पॉलिस्या आणि पुढारी असा सगळा माल मी न वाजवता घेतला, आणि त्यातला बहुतेक पहिल्याच पावसात गळला.

आजीची आठवण आता निघायचं कारण म्हणजे आमच्या घिवलीतला दिवाळीचा बाजार. दिवाळीच्या आधी दोन दिवस शाळेच्या पटांगणात हातच्या वस्तूंची पंधरावीस टेबलं मांडतात. पणत्या, आकाशकंदील, सुपं, टोपल्या, वारली चित्रं, चकल्या, असा एकूण थाट. याला 'महोत्सव' म्हणावं, 'मेळावा' म्हणावं की 'प्रदर्शन', यावर कमिटीच्या तीन सभा झाल्या. लोक त्याला 'बाजार' म्हणतात आणि पिशवी घेऊन येतात.

घिवली म्हणजे कुठे, असं तुम्ही विचाराल. बोईसर स्टेशनला उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने तारापूरकडे यायचं. वाटेत औद्योगिक वसाहत लागते. आमच्या शेजारी 1969 साली सुरू झालेलं तारापूरचं अणुवीज केंद्र आहे आणि तिथल्या काही कचेऱ्यांच्या पत्त्यात 'पोस्ट घिवली' असं आमचं नाव झळकतं. पलीकडे अरबी समुद्र. म्हणजे सायकलवरून फिरून यावं एवढ्या टापूत अणू फोडण्यापासून बोंबील वाळवण्यापर्यंत सर्व उद्योग चालतात. यातला एकच उद्योग मला कळतो, आणि तोही ताटात आल्यावर.

अशा माणसाला कमिटीवर घेण्याचं काही कारण नव्हतं. पण खेडेगावात पेन्शनर दिसला की त्याला कमिटीवर घेतात. त्याचा वेळ फुकट असतो आणि अक्षर बरं असतं. माझ्याकडे नियमावली करण्याचं काम आलं. मी पहिलाच नियम झोकात लिहिला: 'येथे फक्त हाताने बनवलेल्या वस्तूंचीच विक्री होईल.'

नियम लिहिताना मला वाटलं, यात भांडायला जागाच नाही. हात म्हणजे हात! पण दुसऱ्याच दिवशी एक वहिनी उशांचे अभ्रे घेऊन आल्या. अभ्रे मोटर लावलेल्या शिलाई मशीनवर शिवलेले. मी नियमावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मशीन काय आपण होऊन शिवतं? हात माझाच होता ना त्याच्यावर?" बचतगटातल्या बायकांनी चकल्या आणल्या. चकली सोऱ्यातून पडते, म्हणजे यंत्रच. पीठ गिरणीतून आलेलं. आकाशकंदिलाचा कागद कारखान्यातला, गोंद बाटलीतला. नियम काटेकोर लावायचा म्हटलं तर बाजारात फक्त टाळ्या विकाव्या लागल्या असत्या. त्या तेवढ्या निखळ हाताच्या.

या वादावर कळस चढवला तो एका डायवाल्याने. आमच्या या चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. या साच्याला डाय म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने फूल, पान, वेलबुट्टी कोरायची, तीही उलटी. मग त्या साच्यावर धातूचा पातळ पत्रा दाबला की नक्षी उठते. एका साच्यावर हजारो फुलं निघतात. मान खाली घालून, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढी रेघ ओढण्याचं हे काम. तर हे गृहस्थ आले, त्यांनी खिशातून रुमालात बांधलेला एक ठोकळा काढून माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, साचा माझ्या हातचा, दागिना यंत्राचा. मी बाजारात बसू की नको?"

कमिटी गप्प झाली. आमच्या कमिटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. विचार करा: यंत्रातून पडलेली हजार कर्णफुलं घेतली, तर त्या हजारांत या माणसाचा हात आहे. नाव मात्र कुठेच नाही. हातच्या वस्तूत आपल्याला नेमकं काय हवं असतं? हाताचा घाम, की तो हात कुणाचा हे कळणं? 2025च्या जूनमध्ये इटलीत मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीने थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मिरवल्या. आपल्याकडे ओरड झाली, ती चप्पल कुठे शिवली म्हणून नव्हे. कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून झाली, आणि मग कंपनीने ते ऋण मान्य केलं. 2019 सालीच कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. पण मानांकन पडलं कागदावर आणि चप्पल पडली पायात, त्यामुळे त्या दोघांची गाठ पडायला वेळ लागला असावा.

डायवाल्यांना आम्ही टेबल दिलं. दोन दिवसांत त्यांचं एका पैशाचं विकलं गेलं नाही. पोलादाचा ठोकळा दिवाळीला कोण कुणाला भेट देणार? पण ते खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या कानांकडे निरखून बघत होते. कमिटीकडे दोन तक्रारीही आल्या. मी त्यांना हळूच विचारायला गेलो तर म्हणाले, "ती निळ्या साडीतली बाई गेली ना, तिच्या कानातलं फूल माझ्या हातचं दिसतं. पाकळीचं टोक मी जरा उजवीकडे वळवतो, सवय आहे माझी." त्यांचा चेहरा तेव्हा असा होता, की शाळेच्या बक्षीस समारंभात मागच्या बाकावर बसलेला बाप आपल्या पोराचं नाव ऐकतो तेव्हा होतो तसा. बाजारात त्यांचं काही खपलं नाही, आणि निम्मा बाजार त्यांचा माल अंगावर घालून हिंडत होता!

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तो नीतीचा आहे आणि माझ्या अब्रूचाही. प्रश्न असा: हातच्या वस्तूचा भाव करावा की करू नये?

माझं उत्तर पहिल्या वर्षी ठाम होतं: करू नये. मोठ्या दुकानात वस्तूला चिकटवलेली किंमत आपण भटजीच्या मंत्रासारखी ऐकतो. अर्थ कळत नाही, पण मान डोलावतो. आणि पणत्या घेताना मात्र आपल्या अंगात एकदम अर्थमंत्री संचारतो. पहिल्याच दिवशी मोटारीतून एक बाई उतरल्या. कुंभारणीने पणत्या डझनाला साठ सांगितल्या. बाई म्हणाल्या, चाळीस. कुंभारीण म्हणाली, परवडत नाही. बाई दोन पावलं पुढे गेल्या, परत आल्या, एक पणती उचलून उजेडात धरली, नाक मुरडलं, म्हणाल्या, पंचेचाळीस. इथे माझ्यातला सत्पुरुष जागा झाला. छातीवर कमिटीचा बिल्ला होताच. मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, तुमच्या मोटारीत साठ रुपयांचं पेट्रोल इथून वेशीपर्यंत पुरत नसेल. या माउलीच्या हातांकडे बघा! माती तुडवून..." वगैरे वगैरे. भाषण चांगलं झालं. बाई लाल झाल्या आणि मोटारीत बसून गेल्या.

मी कृतज्ञतेच्या अपेक्षेने वळलो. कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी होती. "काका, तुम्हाला मधी कुणी बोलायला सांगितलं? मी दहा चढवूनच सांगितले होते. पन्नासला सौदा तुटला असता. तीन डझन घेणार होती ती!"

दीडशे रुपयांचं नुकसान करून सत्पुरुष परत झोपला.

त्या रात्री मी विचार केला तेव्हा ध्यानात आलं, की घासाघीस ही आपण समजतो तशी निव्वळ कंजूषपणाची गोष्ट नव्हे. ती आपल्याकडची बोलण्याची एक रीत आहे. तिने साठ म्हणायचं, यांनी चाळीस म्हणायचं, दोघींनीही मनात पन्नास धरायचं. मधल्या वेळात पाऊस, महागाई, सुनेचं वागणं अशा विषयांना स्पर्श होतो. मडकं आपण वाजवून घेतो, तशी कुंभारीणही गिऱ्हाईक वाजवून घेत असते. चढवून सांगितलेली किंमत ही तिची टिचकी! जो मुकाट्याने साठ देतो त्याला पणतीचा भाव ठाऊक नाही, आणि जो वीस म्हणतो त्याला माणसाचा भाव ठाऊक नाही, हे तिला तेवढ्यात कळतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचं भाषण झालं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी पाहुणे मोकळे नव्हते. पाहुण्यांनी हात जोडून लोकांना विनंती केली, की या गरीब कारागिरांकडून काहीतरी घ्या, त्यांना मदत करा, त्यांची दिवाळी गोड करा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण माझी नजर टेबलांमागे बसलेल्या बायकांकडे गेली, तर त्या आपापल्या मालाकडे बघत होत्या. टाळ्या वाजवणारी एकही नव्हती. दाढ दुखली म्हणून आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो. 'बिचाऱ्याची दिवाळी गोड व्हावी' म्हणून कुणी त्याच्याकडून दाढ काढून घेत नाही. वकिलाला मदत म्हणून कुणी कोर्टात केस लावत नाही. मग ज्याला बांबूचं सूप विणता येतं, म्हणजे वकिलाला आणि मला मिळून जन्मात जमणार नाही असं काहीतरी येतं, त्याच्या पुढ्यात उभं राहून आपल्याला एकदम 'मदत' का आठवते?

पण हा शहाणपणा मला त्या वेळी सुचला नव्हता. त्या वेळी मी मदतीच्या भरात होतो. समोरच सुपं घेऊन एक वारली म्हातारी बसली होती, आतल्या पाड्यावरून आलेली. ती सगळ्यांना 'तू' म्हणत होती. पाहुण्यांनाही म्हणाली. मी विचारलं, "आजी, केवढ्याला सूप?"

"अडीचशे."

"किती दिवस लागतात तुम्हाला एक करायला?"

"बांबू आणायचा, चिरायचा, पट्ट्या तासायच्या, विणायचं. दोन दीस."

मी मनात हिशेब केला. दोन दिवसांचे अडीचशे म्हणजे दिवसाचे सव्वाशे. माझ्या परसातलं गवत काढायला माणूस बोलावला तर सव्वाशेत तो कोयत्याला धारही लावत नाही. मला फार भरून आलं. मी तीनशे रुपये काढून दिले आणि म्हटलं, "राहू द्या, आजी. वरचे ठेवा तुम्हाला."

म्हातारीने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पिशवीत हात घातला, एक छोटी टोपली काढली आणि सुपात ठेवली. "पन्नासची ही आहे. ने."

मला टोपली नको होती. पण तिला पन्नास रुपये नको होते, हे तिने टोपली देऊन सांगितलं. मी ते तेव्हा ऐकलं नाही. 'काय स्वाभिमान आहे!' असं वाटून मी आणखीच गहिवरलो. घरी येऊन सौ.ला सगळी हकिगत सांगितली. तिने सूप हातात घेतलं, मागचा कोपरा अंगठ्याने दाबला आणि म्हणाली, "इथे वीण सैल आहे. तांदूळ पाखडले तर कण्या गळतील. बघून नाही घेतलंत?"

मी म्हटलं, "असू दे. बिचारीने दोन दिवस खपून केलंय."

नीट बघा, इथे पाप घडलं. मला ते पुण्य वाटलं होतं. सूप परत नेऊन 'आजी, हे सैल आहे' म्हणणं मला दुष्टपणाचं वाटलं. मग ते करायचं काय? तर दिवाणखान्यात खिळा ठोकून भिंतीवर टांगलं. सुनेने त्याच्या मधोमध वारली चित्राचा छापील कागद चिकटवला. पाहुणे येत, 'वा!' म्हणत आणि आम्ही 'आमच्याकडच्या कारागिरांना उत्तेजन दिलं पाहिजे' असं म्हणत चहा पीत असू.

भिंतीवरून सांगायचं झालं तर वारली चित्रांची गोष्टही भिंतीचीच. मुळात ती चित्रं विकायची नव्हतीच. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करून सवाशिणी लग्नाचा चौक लिहीत. चौकात पालघट देवी. चौक लिहिला नाही तर लग्न कसलं! म्हणजे हे चित्र शोभेचं नव्हतं, ते कामाचं होतं. सुपाने तांदूळ पाखडायचे तसं चौकाने लग्न लावायचं. मग 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यासारखी माणसं डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन पोचली. गंजाडचे जिव्या सोमा मशे नुसत्या लग्नापुरतं न थांबता रोजच चित्रं काढू लागले. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2014 साली, म्हणजे पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. 2018 साली मशे गेले. चित्र भिंतीवरून कागदावर आलं म्हणून वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. पण कागदावरून ते कपावर, रुमालावर, मोबाईलच्या झाकणावर आणि शेवटी आमच्या सुपावर येईपर्यंत, ते मुळात काय सांगत होतं हे विचारणारा कुणी उरला नाही.

वर्ष गेलं. पुढच्या बाजाराची नावं घेणं माझ्याकडेच होतं. एके दिवशी दुपारी तीच म्हातारी नाव द्यायला आमच्या घरी आली. सौ.ने तिला बसायला सांगून पाणी दिलं. पाणी पिताना तिची नजर भिंतीवर गेली. तांब्या तसाच हातात धरून ती बघत राहिली.

"ह्ये माझं सूप."

"हो, आजी! बघा, किती जपून ठेवलंय," मी अभिमानाने म्हणालो.

"भिंतीवर कशाला?"

याला उत्तर नव्हतं. ती उठून जवळ गेली. आधी तिने सुनेचा कागद बघितला. तारप्याचा नाच होता. "ह्ये कुणी काढलं?"

"छापील आहे."

"तारपावाल्याकडं पाठ करून नाचत्यात सारे. असं कुठं असतं?" आणि खरंच, तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणारे पाठ करत नाहीत; तो वळेल तसे ते वळतात. वर्षभर ते चित्र आमच्यासमोर होतं, शंभर पाहुण्यांनी त्याला 'वा' म्हटलं होतं. मग तिने सूप खाली काढलं आणि सौ.ने जिथे दाबला होता तोच कोपरा अंगठ्याने दाबला. अगदी तोच. चेहरा उतरला तिचा.

"ह्ये ढिलं राहिलं. तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं..."

"मग सांगितलं का नाही?"

मी काय सांगणार? तुम्ही गरीब, म्हणून तुमची चूक काढावीशी वाटली नाही? शेजारच्याच्या पोराने गणित चुकवलं तर आपण हसून सोडून देतो. आपल्या पोराने चुकवलं तर कान धरतो. मी तिला शेजारच्याचं पोर ठरवलं होतं. कुंभारणीशी पाच-पाच रुपयांवरून भांडणाऱ्या त्या मोटारीतल्या बाईने निदान पणती उजेडात धरून पाहिली होती. मी काही न पाहता पन्नास रुपये जास्त दिले होते, आणि ते देताना म्हातारीच्या कामाकडे न बघता स्वतःच्या मनाच्या मोठेपणाकडे बघत होतो. खरं विचाराल तर अडीचशे रुपयांत मी सूप घेतलंच नव्हतं. मी आरसा घेतला होता.

गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने गोरोबांना विचारलं, यातली पक्की मडकी कुठली आणि कच्चं कुठलं ते सांगा. गोरोबांनी मडकी थापटायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळ्यांनी निमूट सोसलं. नामदेव तेवढे कळवळले, रागावले. गोरोबा म्हणाले, हे एक कच्चं. माझ्या लहानपणी मला या गोष्टीत गोरोबांचा राग येई. आता वाटतं, संतांचा निकाल द्यायला विद्वान न बोलावता त्यांनी कुंभार बोलावला, हीच गोष्टीतली मेख आहे. ज्याने आयुष्यभर माल पारखला त्याला माणूस पारखता येतो. त्या दुपारी आमच्या दिवाणखान्यात 'सांगितलं का नाही?' हे तीन शब्द माझ्या डोक्यावर पडले, तेव्हा आवाज बद्द आला. मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

सूप पुन्हा नीट करून देते म्हणून म्हातारी ते घेऊन गेली आणि चार दिवसांनी परत आली. कोपऱ्यातल्या पट्ट्या काढून नव्या घातल्या होत्या, काठही आवळला होता. सौ.ने तिच्यासमोरच शेरभर तांदूळ घालून पाखडून बघितलं. फोलपटं पुढे उडाली, तांदूळ मागे राहिले, एक कणी गळली नाही. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. वर्षभराच्या शंभर 'वा'ची त्या एका मान हलवण्याशी बरोबरी होणार नाही.

याने प्रश्न सुटला असं नव्हे. दोन दिवसांचे अडीचशे हा हिशेब अजून तसाच आहे. बोईसरच्या बाजारात प्लॅस्टिकचं सूप याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, आणि म्हातारीने तिच्या कष्टांचा खरा भाव लावला तर ते सूप घ्यायला फक्त टांगणारे उरतील, पाखडणारी कुणी उरणार नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम मॉरिस नावाच्या इंग्रजाने सुंदर हातच्या वस्तू सर्वांच्या घरी असाव्यात म्हणून जन्म घालवला, आणि शेवटी त्या परवडल्या पैसेवाल्यांनाच. त्याला जे जमलं नाही ते घिवलीच्या कमिटीला तीन सभांत जमेल, अशी आशा मी धरत नाही. पण एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय: वस्तू घ्यायची तर वापरायला घ्यायची, वाजवून घ्यायची, भाव समजून द्यायचा, आणि बिघडली तर ज्याने केली त्याच्या दारात जाऊन तक्रार करायची. तक्रार करण्याएवढा मान आपण शिंप्याला देतो, सोनाराला देतो. सूप विणणारीनेच काय घोडं मारलंय?

यंदाच्या नियमावलीतून मी पहिला नियम काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं: 'वस्तूत दोष निघाल्यास करणाऱ्याकडे परत आणावी.' कमिटीतले काही जण घाबरले, की याने गिऱ्हाईक बिचकेल. कारागिरांना दाखवलं तेव्हा डायवाले गृहस्थ भिंग पुसत म्हणाले, "हे बरं केलंत. आता दुकान वाटतंय."

हो, सूप दुरुस्तीचे पैसे राहिले सांगायचे. मी म्हटलं, "आजी, किती द्यायचे?"

"चाळीस."

माझा हात खिशात गेला. पन्नासाची नोट बोटांना लागली. 'राहू द्या' हे शब्द जिभेवर येऊन उभे होते. मी ते गिळले. घसा खाकरला आणि आयुष्यात प्रथमच, सौ.च्या देखत, म्हणालो, "चाळीस जास्त होतात. तीस घ्या."

म्हातारी हसली. पुढचे दोन दात नव्हते तिचे. "पस्तीस दे."

मी विसाच्या दोन नोटा दिल्या. तिच्याकडे पाच सुटे नव्हते.

"दिवाळीच्या बाजारात ये. तवा घे," ती म्हणाली आणि गेली. पाच रुपये येणं आहे माझं तिच्याकडे. या दिवाळीला ते वसूल करायचेत. चढवून काय सांगते बघू!